आईच्या चालीने झिजलेले बूट

९ नोव्हेंबर

भिंगरी,

या नावाने तुला हाक मारायचा हक्क मला उरलाय की नाही, ठाऊक नाही. पण दुसरं काही लिहायला गेलो तर पेनच चालेना. बारा वर्षांतलं हे पहिलं पत्र. पत्ता जुनाच घालतोय. तू घर बदललं असशील तर पत्र परत येईल, आणि खरं सांगू, त्याचं मला फारसं वाईटही वाटणार नाही.

एवढंच विचारायचंय: आईचे एखादे बूट तू तेव्हा बरोबर नेले होतेस का? नेऊन कुणाला दिलेस का?

चिडू नकोस. का विचारतो ते सांगतो.

गेल्या सोमवारी दुपारी मी जेवायला मागच्या खोलीत गेलो होतो. परत आलो तर काउंटरवर वर्तमानपत्रात गुंडाळलेले बायकी बूट. तपकिरी, बंदांचे. वर चिठ्ठी : ‘टाचा लावा. गुरुवारी नेईन.’ नाव नाही, गाव नाही. असं चालतं आपल्याकडे, लोकांचा विश्वास आहे. मी बूट उलटे करून लोखंडी पायावर चढवले आणि हातातली चामडं कापायची रापी खाली ठेवली.

डाव्याची टाच जवळजवळ कोरी होती. चवडा मात्र आतल्या बाजूने घासून पातळ झालेला. उजव्याची टाच मागच्या कोपऱ्यात पार खलास. आणि उजव्या बुटाच्या आतल्या अंगाला, घोट्याखाली, नखाएवढा अर्धगोल ओरखडा. डावं पाऊल पुढे येताना तिथे घासतं, प्रत्येक वेळी, त्याच जागी.

तुला कळलंच असेल. तीस वर्षांपासून मी लोकांचे तळवे वाचतोय. टाच पाहून सांगतो, माणूस जाड आहे की घाईत आहे की त्याला घरी जायचं नाहीये. दोन माणसांची झीज सारखी नसते. आईचे तर मी वीसेक जोड उघडले असतील. ते तिचे पाय होते, भिंगरी. बूट नव्या धाटणीचे, फार तर दोन वर्षांपूर्वीचे. नंबर तिचाच.

मी हात आत घातला. तळवा अजून गरम होता.

गुरुवारी मी टाचा लावून बूट फळीवर ठेवले आणि दिवसभर जागचा हललो नाही. चारच्या सुमाराला फक्त चिकटवायच्या सोल्युशनचा डबा आणायला आत गेलो. दोन मिनिटं. बाहेर आलो तर फळी रिकामी आणि मजुरी काचेखाली सरकवलेली. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. समोरच्या लोकरवाल्या मावशी दारात बसून विणत होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे, पण या पॅसेजमधल्या फरशीवर कोण चाललंय ते त्या मान वर न करता सांगतात.

मी विचारलं, “मावशी, आत्ता कोण गेलं इथून?”

“कोण म्हणजे? तुझी आई,” त्या म्हणाल्या. “हाक मारली मी. थांबली नाही.”

मग त्यांच्या सुया थांबल्या. त्यांनाही आठवलं असावं, आईला जाऊन बारा वर्षं झाली ते.

आईचा शेवटचा जोड मी खोक्यात ठेवलेला आहे. घरी जाऊन पाहिला. आहे तिथेच आहे.

म्हणून विचारतो. तिचं दुखणं वयाचं होतं, डॉक्टरांनीही तसंच सांगितलं होतं, त्यात कुणाचा दोष नव्हता. ते जुनं मला उकरायचं नाही. बुटांचं तेवढं कळव.

दादा


२ डिसेंबर

भिंगरी,

तुझं उत्तर नाही. पण पत्रही परत आलं नाही. म्हणजे तू वाचलंस, निदान फाडताना तरी वाचलं असशील.

ते बूट पुन्हा आले. या वेळी दुसरा जोड, काळा. पुन्हा मी जागेवर नसताना. चिठ्ठीत ‘डाव्या बुटात आतून काही भरता येईल का?’ मी आतला तळवा उचकटून पाहिला तर टाचेखाली कापडाची चौपदरी घडी घालून दोऱ्याने टाचलेली. आई काय करायची आठवतं? मी तिला उंच तळाचा बूट करून देण्याआधी? जुन्या उशीच्या अभ्र्याची घडी. चौपदरी. मी घडी परत जशीच्या तशी ठेवली, वरून लोकरीच्या नमद्याचा पातळ तुकडा लावला, आणि बूट फळीवर ठेवून सरळ दुकान बंद करून घरी गेलो. भर दुपारी. माझ्यासारख्या माणसाने.

दुसऱ्या दिवशी फळी रिकामी. दार नुसतं ओढून घेतलं होतं मी. कुलूप लावायचंच विसरलो होतो.

आता दुसरं सांगतो. उन्हाळ्यापासून माझा डावा पाय दुखतोय. आधी गुडघा. तेल चोळलं. मग जांघेत. खुर्चीतून उठताना पहिली चार पावलं टाकवत नाहीत, मग जरा सैल होतं. मोजे घालताना पाय वर घेता येत नाही. मी, दिवसभर लोकांच्या पायांशी खेळणारा, स्वतःच्या पायापर्यंत पोचत नाही. हसू नकोस. किंवा हस.

काळे बूट गेले त्या संध्याकाळी मी माझेच बूट उलटे केले. डावी टाच कोरी व्हायला लागलीये.

मला वाटलं, ती मला न्यायला आलीये. पायापासून सुरुवात करून. तू म्हणशील दादाचं डोकं फिरलं. पण या दुकानात दुपारी एकटं बसून बघ. पॅसेजच्या काचेच्या छपरातून उजेड येतो, फळीवर साठ जोड बूट माणसांशिवाय उभे असतात, आणि कुठेतरी एक पाऊल टेकतं, एक ओढलं जातं. टेकतं, ओढलं जातं. मी बाहेर जाईपर्यंत थांबतं.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरीणबाई आहेत, साधारण तुझ्या वयाच्या. त्या म्हणाल्या, “कुठे दुखतं? बोटाने दाखवा.” मला बोटाने दाखवताच येईना. मी हाताचा पंजा कमरेच्या बाजूला खाली धरला, अंगठा मागे, बोटं पुढे जांघेकडे. आणि तसाच गोठलो. आई तशीच उभी राहायची ना? काउंटरशी, हाताचा पंजा खुब्याला लावून?

“खुबा दुखणारे पुष्कळ जण असाच हात धरतात,” बाई म्हणाल्या. “तुम्ही गुडघ्याला तेल चोळलं असेल.”

“हो.”

“खुब्याचं दुखणं गुडघ्यात बोलतं. फसवतं ते.”

त्यांनी नीट समजावलं. दुखणं खुब्याचं वाटलं तरी ते कमरेतल्या दबलेल्या शिरेचं असू शकतं. बाहेरच्या बाजूला, कुशीवर झोपल्यावर दुखत असेल तर तिथली पाण्याची पिशवी किंवा स्नायूबंध सुजलेला असतो. तो बहुतेकदा व्यायामाने आणि वेळेने बरा होतो. कधी हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच बंद पडतो आणि चालत्या माणसात एक हाड मेलेलं असतं. हे त्या अगदी सहज बोलल्या. माझं मात्र ते नाही. माझी कूर्चा झिजलीये, म्हणजे सांध्यातली गादी. ती लवकर झिजली, कारण वाटी जन्मापासून उथळ आहे. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत पुरता बसतच नाही, सगळा भार काठावर येतो.

मी आईची जुनी फिल्म सोबत नेली होती. बाईंनी दोन्ही उजेडावर शेजारी लावल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.

“ही तुमचीच ना? आधीची?”

“नाही,” मी म्हटलं. “आईची.”

त्यांनी वरचा कोपरा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. “अहो, काठसुद्धा तोच आहे.”

हे लिहिलं आणि आता खोडणार नाही. तू विचारशील, कुठली फिल्म? आईचा एक्स-रे कधी काढलाच नव्हता ना? तू तेव्हा मला चार वेळा विचारलं होतंस आणि चारही वेळा मी नाही म्हटलं होतं.

काढला होता.

आज इथेच थांबतो. पाय दुखतोय.

दादा


१९ डिसेंबर

भिंगरी,

बूट कुणाचे ते कळलं.

मंगळवारी मी दुकानाचं दार अर्धं ओढलं, ‘बाहेर गेलोय’ अशी पाटी लावली आणि मागच्या खोलीच्या पडद्याआड उभा राहिलो. एका पायावर, कारण दुसऱ्यावर उभं राहवत नाही. वीस मिनिटं झाली असतील. मग ते आलं. टेकलं, ओढलं. टेकलं, ओढलं. समोर मावशींच्या सुया थांबलेल्या ऐकू आल्या. सुया थांबलेल्या ऐकू येतात, हे मला त्या दिवशी कळलं.

पाऊल आत आलं. काउंटरशी थांबलं. मी पडदा बाजूला केला.

तू उभी होतीस. म्हणजे पंचविशीतली तू, कपाळ तुझं, ओठ मिटायची तीच तऱ्हा. आणि हात खुब्याला लावलेला. अंगठा मागे, बोटं पुढे.

मी काय बोललो असेन? “टाचा लावून ठेवल्यात,” म्हणालो. काहीही. टाचा कधीच लावून गेल्या होत्या.

ती म्हणाली, “तुम्ही माझे मामा.”

लेक तुझीच, भिंगरी. ऑगस्टपासून ती या शहरात आहे. एका प्रयोगशाळेत नोकरी करते, दिवसाचे आठ तास उभ्याने काम. तुला ते माहीत आहे; हे माहीत नाही की ती दर दोन आठवड्यांनी माझ्या दुकानापर्यंत येऊन परत फिरायची. मी समोर नसलो की बूट ठेवायची. बूट हे तिला सुचलेलं निमित्त होतं. आजीची अभ्र्याची घडी तिने तुझ्याच बोलण्यात ऐकलेली.

“हाक का नाही मारलीस?” मी विचारलं.

“आई म्हणते, तुम्ही आजीला मारलंत. मला आधी तुम्हाला बघायचं होतं. मग बोलायचं की नाही ते ठरवणार होते.”

“काय ठरलं?”

“ठरायच्या आधी तुम्ही पडद्यातून बाहेर आलात.” आणि ती हसली. तिची लंगडती पावलं ऐकून मला धडकी भरली होती, तीच पोर हसली आणि मला बसावं लागलं. दोघंही बसलो. दोघांनीही डाव्या बाजूला वाकून, हाताने खुर्चीचा कठडा चाचपत. एकमेकांकडे पाहिलं ते त्याच क्षणी.

“तुमचंपण?” ती म्हणाली.

तिचं तीन वर्षांपासून दुखतंय. पायऱ्या चढताना, गाडीत बसताना. तुला सांगितलं नाही, कारण तू काळजी करशील. आधी नाच सोडला, मग सायकल. कुणीतरी स्नायू आखडलाय म्हणालं, कुणी वजन कमी कर म्हणालं. त्या पोरीच्या अंगावर कमी करायला आहे काय? गोळ्या घेते, पोट बिघडतं, बंद करते. खुब्याची फिल्म आजवर कुणी काढलेली नाही.

तिने मला शपथ घातली की आईला सांगू नका. मी हो म्हटलं, आणि हे पत्र लिहितोय. शपथ मोडली हे तिला उद्याच सांगणार आहे. आमच्या घरात पायाबद्दल गप्प राहणं पुरे झालं. दुखणं तिचं आहे, पण गप्प बसायची सवय आपली आहे, आणि हे मी कुठल्या तोंडाने म्हणतोय ते मला माहीत आहे.

उद्या तिला त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेतोय.

दादा


२३ डिसेंबर

भिंगरी,

आधी लेकीचं. तिची वाटी दोन्ही बाजूंनी उथळ आहे, डावीकडे जास्त. पण गादी अजून बरीचशी शाबूत आहे. बाई म्हणाल्या, वय लहान आहे, सांधा बदलायचा नाही, तिचाच वाचवायचा. वाटीभोवतीचं हाड कापून ती वळवून गोळ्यावर नीट झाकण बसेल अशी बसवतात आणि स्क्रूने धरतात. मोठी शस्त्रक्रिया आहे, दोन-अडीच महिने कुबड्या. पण ती झाली तर सांधा पुढे पुष्कळ वर्षं टिकण्याची आशा आहे. नाही केली तर माझ्यासारखं होईल, माझ्या वयाच्या फार आधी. व्यायामाने आणि सुया-गोळ्यांनी दुखणं दबेल, पण वाटी खोल होणार नाही.

माझं वेगळं. मला वजन उतरवायचं आहे, ठरावीक व्यायाम, मोजून गोळ्या. दुखण्याने झोप उडायला लागली की सांधा बदलायचा. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने माझ्या हातात काठी दिली. मी ती डाव्या हातात घेतली. ती म्हणाली, “नाही काका, दुखऱ्या पायाच्या उलट हातात. नाहीतर सगळा भार त्याच खुब्यावर येतो.”

आईला काठी मी दिली होती. डाव्या हातात. रोज दटावायचो, डाव्याच हातात धर म्हणून.

आणि तो उंच तळ, ज्याचा मला एवढा तोरा होता. मोजमाप न करता एकदम दोन बोटं उंची दिली होती मी. ती म्हणायची, यात जास्तच दुखतं रे. मी म्हणायचो, सवय होईल.

बाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला होतं? लेक माझ्याकडे बघायला लागली. दवाखान्याच्या बाकावर बसून मी तिला जे सांगितलं ते तुझ्या आधी तिला सांगितलं, याबद्दल मला माफ कर. बाकीच्याबद्दल माफी मागत नाही, कारण ती मागण्यासारखी गोष्ट नाही. ऐकून ती म्हणाली, “हे तुम्ही आईला लिहा. मी मधे निरोप्या होणार नाही.”

तर लिहितो.

आई गेली त्याच्या दीड वर्ष आधी मी तिला दवाखान्यात नेलं होतं. तुला न सांगता. फिल्म काढली. त्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली: खुब्याचा सांधा पूर्ण झिजला आहे, बदलावा; तब्येत चांगली आहे, गुण येईल. मी चिठ्ठी खिशात घातली आणि रिक्षात बसल्यावर आईला सांगितलं, “डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. काही करता येणार नाही.”

का? बाबा एका लहानशा शस्त्रक्रियेला आत गेले आणि बाहेर आले नाहीत, हे एक. मी एकटा, ती गेली तर मी कुणाशी बोलणार, हे दुसरं. आणि तिसरं हे की मी तिचा पाय माझ्या हातांनी दुरुस्त करतोय असं पॅसेजभर सांगत होतो. ही कारणं आहेत. यात एकही पुरेसं नाही.

मग ती जिन्यावर पडली. हाड मोडलं, पाच आठवडे अंथरुणात, मग छातीत कफ. तू आलीस तेव्हा सगळं संपलं होतं आणि तू म्हणालीस, “तू तिला बूट घालून मारलंस.” तुला अर्धंच माहीत होतं, तरी तू बरोबर बोललीस.

आता जे कुणालाच माहीत नाही ते. शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी तिचे केस विंचरत होतो. शुद्ध अगदी स्वच्छ होती. ती म्हणाली, “ती चिठ्ठी मी तेव्हाच वाचली होती. तुझा शर्ट धुवायला घेतला होता ना.” माझ्या हातातला कंगवा तिथेच राहिला. “घाबरलास तू. लहानपणी घाबरलास की असंच शहाण्यासारखं बोलायचास.” ती मला लागेल असा एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, “खालची ओळ वाचलीस ना? भिंगरीला सांग. म्हणावं, पोरीचे पाय दाखव.”

चिठ्ठीतली शेवटची ओळ होती ती: हे घराण्यात असू शकतं, मुलांची आणि नातवंडांची तपासणी करून घ्यावी.

मी हो म्हटलं. तिने परत विचारलं, सांगशील ना? मी परत हो म्हटलं. आणि तुला सांगितलं नाही, कारण ती ओळ सांगायची तर चिठ्ठी दाखवावी लागली असती. तुझी लेक तेव्हा तेरा वर्षांची होती. बाई म्हणाल्या, तेव्हा नुसतं कळलं असतं तरी नजर ठेवता आली असती, एवढं झिजू दिलं नसतं.

बारा वर्षं मी आईचा निरोप दाबून बसलो आणि मग तिची पावलं पॅसेजमध्ये आली. तू मला वेडा म्हण. ती तुझी लेक होती हे मला माहीत आहे, तिच्या हातचा चहा प्यायलोय मी. पण मावशींनी हाक मारली ती आईला मारली होती, आणि मला वाटतं हाक चुकीच्या माणसाला गेली नाही.

शस्त्रक्रिया ११ फेब्रुवारीला. तू येच. मी समोर नको असेन तर लेकीकडून कळव, त्या दिवसांत दवाखान्यात पाऊल ठेवणार नाही.

दादा


२० फेब्रुवारी

भिंगरी,

तू चार रस्ते पलीकडे लेकीच्या खोलीवर आहेस आणि मी तुला पत्र लिहितोय. समोर बोलणं मला अजून जमत नाही. लेक म्हणाली, “द्या लिहून, कुबड्यांना बांधून ठेवते, आई आली की देते.” कालपासून ती निरोप्या व्हायला तयार झालीये, म्हणजे बरी होतेय.

काल काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतीस. पण माझ्या बाजूने कसं दिसलं ते तुला माहीत नाही.

नऊ दिवस आपण एका बाकाच्या दोन टोकांना बसलो. तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. माझं काही म्हणणं नाही. तू आलीस आणि मला हाकललं नाहीस, मला तेवढं पुष्कळ होतं. तू डॉक्टरीणबाईंना एकच विचारलंस, “माझ्या आईची तेव्हा झाली असती, तर?” आणि त्या म्हणाल्या, “बहुतेक चालली असती.” तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान खाली घालणार नाही असं ठरवलं होतं. घातली नाही. तेवढं एकच काम गेल्या बारा वर्षांत मी धड केलं असेल.

काल सकाळी लेकीला कुबड्यांवर उभं केलं. सहा पावलं टाकली तिने. डावा पाय नुसता टेकवत, बोटांनी जमीन चाचपत. तिच्या कपाळावर घाम होता आणि व्यायामवाली मुलगी मोजत होती. तू फाटकातून बाहेर गेलीस, पाणी आणायला. मी लांब व्हरांड्यात बाकावर बसलो. व्हरांड्याच्या त्या टोकाला मोठी खिडकी आहे, ऊन थेट डोळ्यांवर येतं. त्या उजेडातून कुणीतरी माझ्याकडे येत होतं. चेहरा दिसत नव्हता. नुसती आकृती, डावीकडे झुकून, हातात तांब्याएवढी बाटली. टेकलं. ओढलं.

लेक आत होती. मी स्वतः बसलेला होतो. त्या चालीचं तिसरं कुणी या जगात माझ्या माहितीत नव्हतं.

मी उठून उभा राहिलो. काठी खाली पडली. माझ्या तोंडून निघून गेलं, “आई?”

आकृती थांबली. किती वेळ थांबली? मला वाटलं आता मागे फिरेल, उजेडात जाईल, आणि मी हाक मारत राहीन.

“आई नाही,” तू म्हणालीस. “मी आहे.”

मग तू जवळ आलीस, वाकून माझी काठी उचललीस. वाकताना हात खुब्याला गेला. नऊ दिवस मी तुझ्या पायांकडे बघितलं नव्हतं, भिंगरी. लोकांच्या पायांशिवाय दुसरीकडे न बघणारा मी, तुझ्याकडे बघायची हिंमत नव्हती म्हणून तुझे बूटही पाहिले नाहीत.

“माझंही दुखतं,” तू म्हणालीस. “पाच वर्षं झाली. कुणाला बोलले नाही.” आणि काठी माझ्या उजव्या हातात दिलीस. डाव्या नाही.

बारा वर्षांनी तू माझ्याशी बोललीस ती ही पाच वाक्यं. मी रात्रभर ती उलटीपालटी करत राहिलो. तुला काय म्हणायचं होतं, ते मी लावत बसणार नाही. लावायला गेलो की माझ्या सोयीचं लावीन, तो माझा जुना रोग आहे.

मी एवढंच केलं. आज सकाळी डॉक्टरीणबाईंकडे तुझं नाव लिहून आलो. येत्या मंगळवारी, साडेदहाला. आधी फिल्म काढतील, मग त्या हाताने पाय फिरवून बघतील, ते थोडं दुखतं. काय सांगतील ते मला माहीत नाही. कदाचित नुसता व्यायाम पुरेल. कदाचित सांधा बदलावा लागेल. जी चिठ्ठी देतील ती त्या तुझ्या हातात देतील. मी तसं सांगून ठेवलंय. मी ती धरायलासुद्धा मागणार नाही.

दहा वाजता लेकीच्या खोलीखाली रिक्षा घेऊन येतो. वाटेत माझ्याशी बोलायला हवंच असं नाही.

दादा